झऱ्याच्या काठावरचं झबलं

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच लिहून टाकतो. नाही म्हणजे नाहीच — आजही नाही. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि परत येऊन घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले. गावात कोणाच्या अंगात आलं की लोक मला बोलवायचे, कारण मी तांब्याभर गार पाणी तोंडावर मारून ते उतरवायचो. तुमच्या सदरात लोक जे पाठवतात ते वाचून मला निम्म्या वेळा हसू येतं. मग हे मी का पाठवतोय? तर आता घरात सांगायला कोणी उरलेलं नाही, म्हणून.

गोष्ट बासष्ट सालची. मी तेव्हा नेर तालुक्यातल्या एका खेड्यात शाळेवर होतो. लग्नाला पाच वर्षं झाली होती. बायकोचं नाव पंचफुला, मी फुला म्हणायचो. पहिली मुलगी आठव्याच महिन्यात, सासुरवाडीला झाली आणि त्याच दिवशी दुपारी गेली. फुलाला झटके आले, ती दोन दिवस शुद्धीवर नव्हती. लेकीचं तोंडसुद्धा तिनं पाहिलं नाही. पुढं दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात... असो. यवतमाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोष काही दिसत नाही. पण फुलाचं जेवण तुटलं होतं. शेजारी कोणी बाळंत झालं की ही आपलं दार लावून घ्यायची. मी शाळेतून आलो की भाकर वाढायची, आणि दिवसभरात तिचं माझ्याशी बोलणं म्हणजे "अजून घ्या" एवढंच. ही अशीच एक दिवस मिटून जाईल, अशी मला भीती वाटायला लागली होती.

अशात सासूबाई आल्या. दीक्षा त्यांनीही छप्पन सालीच घेतली होती. देव सोडले, पण कोणतं जोडपं कुठं न्हाऊन आलं आणि कोणाचं लेकरू टिकलं, हा सगळा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी माझ्यासमोर दोन ठिकाणं मांडली.

एक पैनगंगेच्या पलीकडचं कुंड. मोटर थेट दारापर्यंत जाते, धर्मशाळा आहे, राहायची सोय आहे. "पडदा लावतेत जी. लुगडं नेसून उतरा का सोडून उतरा, तुमची मर्जी. कोनी काई म्हनत नाही." दुसरा मुकुटबनच्या पुढं जंगलातला झरा, ऊन पाण्याचा. मोटरमधून उतरून तीन कोस पायी. राहायला कोलाम आदिवासींच्या वस्तीतली एखादी पडवी. "अन् तठी आंगावर सूत चालत नाही. नवरा-बायकोनं जोडीनं उतरा लागते, भर दुपारी."

"भर दुपारी? दोघांनी?" मी म्हणालो.

"मंग काय एकट्यानं लेकरू होते का, जवाईबापू?"

फुला चुलीपाशी होती. इतक्या महिन्यांनी तिच्या तोंडाला जरासं हसू आलेलं मी पाहिलं. खरं सांगतो, त्या हसण्यापायीच मी पुढचं ऐकून घेतलं, नाहीतर सासूबाईंना तिथंच व्याख्यान दिलं असतं.

"कुंडावर देव कोणता आहे?" मी विचारलं.

"महादेव हाय. पूजा करा लागते, ओटी भरा लागते."

"आणि झऱ्यावर?"

"तठी देव नाही. नुसतं पानी हाय."

झालं. माझ्यापुरता निकाल लागला. देवापाशी कपडे घालून, की देवाशिवाय कपड्यांशिवाय — एवढाच प्रश्न होता! ऊन पाण्यात गंधक असतो, तो औषधी असतो, हे सायन्स झालं. ते मी शाळेत शिकवू शकतो. चार लोकांनी विचारलं तर सांगता येतं. रात्री जेवताना फुला हळूच म्हणाली, "मले त्या पडद्याच्या ठिकानी न्या ना जी. मले लाज वाटते." मी म्हणालो, "तिथं ओटी भरावी लागते. मी गावाला काय तोंड दाखवू?" तिनं माझ्या ताटात अजून एक भाकर वाढली. माझं हे असंच होतं. तत्त्व माझं आणि लाज तिची.

माघ महिन्यात चार दिवसांची रजा टाकून निघालो. लग्नानंतर आम्ही दोघंच असे कुठं गेलोच नव्हतो. पहिला मुक्काम केळापूरला माझ्या एका मास्तर मित्राकडे, दुसऱ्या दिवशी मुकुटबन, तिथून पायी. सोबत एकच गाठोडं. त्यात भाकरी आणि नवे कपडे, कारण रीत अशी की अंगावरचे जुने कपडे काठावर सोडायचे, बाहेर आल्यावर नवे घालायचे आणि तिथलं काहीही परत न्यायचं नाही. रात्री वस्तीत राहिलो. एका कोलाम म्हाताऱ्याकडे झरा दाखवायचं काम होतं. त्याला आमच्याकडून काही नको होतं, तंबाखू तेवढी घेतली.

दुपारी त्यानं आम्हाला नेलं. सागाची पानं गळून गेली होती, रान उघडं पडलं होतं. उतारावर दोन खाटांएवढं डबकं, त्यातून वाफ येत होती, सडक्या अंड्यासारखा वास. मी लगेच फुलाला म्हणालो, "पाहा, गंधक!" आजूबाजूच्या झुडपांत आधीच्या जोडप्यांची लुगडी, धोतरं अडकलेली, उन्हानं विटलेली. म्हातारा चाळीस-पन्नास पावलांवर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला. दुसरं माणूस नाही. पाण्याला लागून एक सपाट काळा दगड होता, स्वच्छ, कोरडा. त्यावर मी माझं धोतर आणि सदरा ठेवला, वर तिनं तिचं लुगडं-चोळी घडी घालून ठेवली. दुसरं काही ठेवलं नाही. मी मुद्दाम लिहितोय.

पाच वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना उजेडात कधी पाहिलं नव्हतं. मी आकाशाकडे पाहत उभा राहिलो. फुला पाण्यात गळ्याइतकी बसली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गुरुजी, शाळेतले पोरं पाह्यतीन तं काय म्हनतीन!" आणि हसली. मोठ्यानं हसली. मीही हसलो. आम्ही एकमेकांच्या अंगावर पाणी उडवलं, लहान मुलांसारखं. आमच्या सगळ्या जन्मात तेवढा अर्धा तास असेल.

आधी ती बाहेर आली. मी गाठोड्याकडे निघालो होतो, तेवढ्यात तिचा आवाज आला, "हे कोनाचं जी?"

आमच्या कपड्यांच्या घडीवर एक झबलं होतं. तान्ह्या लेकराचं, पांढरं, ओलं. तिनं ते उचललं. "ऊन लागून राह्यलं हाताले," ती म्हणाली, आणि तशीच उघडी उभी राहून तिनं ते छातीशी धरलं.

मी जवळ गेलो. झबल्याची गळ्याची नाडी लाल होती. शाळेची रजिस्टरं बांधायची लाल फीत असते ना, ती. शिवण निळ्या दोऱ्याची, वेडीवाकडी, आणि डाव्या बाजूला एक काज, ज्याला बटणच नाही.

ते मी शिवलं होतं.

आता जे लिहितो ते फुलालाही कधी सांगितलं नाही. मुलगी झाली त्या सकाळी सासूबाई फुलापाशी आत होत्या, आणि लेकीला फाटक्या लुगड्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ओसरीवर दिली होती. आधीपासून लेकराचे कपडे शिवू नयेत अशी आमच्याकडे रीत, म्हणून घरात काहीच नव्हतं. ती इतकीशी, थंड पडत चाललेली. मला काय सुचलं कोण जाणे... दीक्षेचा पांढरा सदरा अंगावर होता, तो काढला, कापला आणि शिवायला बसलो. पांढरा दोरा मिळेना, तर निळा घेतला. नाडी नव्हती, तर दप्तराची लाल फीत कापली. सदऱ्याचं काज तसंच राहिलं. लेक शेजारी बाजेवर. सुईत दोरा ओवताना मी खाली मान घालून होतो. वर पाहिलं तेव्हा ती गेली होती. तिला जवळ घेऊन बसायचं सोडून मी शिवत बसलो होतो! शेवटचे चार टाके ती गेल्यावर घातले, झबलं तिला चढवलं आणि नाल्याच्या काठी माझ्या एकट्याच्या हातानं तिला मातीआड केलं. सगळ्यांना सांगितलं, पांढऱ्या कपड्यात गुंडाळली.

तेच झबलं फुलाच्या हातात होतं.

"कोनाचं असन जी?" तिनं पुन्हा विचारलं.

मी सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर फुला तिथून हलली असती का? आणि मी शिवत बसलो तेही सांगावं लागलं असतं. आणि तिसरी गोष्ट, जिची मला सगळ्यात जास्त लाज वाटते — असं काही होतं हे मलाच मान्य करावं लागलं असतं. मी, तांब्याभर पाणी मारून लोकांच्या अंगातलं उतरवणारा.

"असेल कोणाचं," मी म्हणालो. "आधी कोणी सोडून गेलं असेल. ठेव तिथं. इथलं काही न्यायचं नसतं."

ज्या रीतीवर माझा काडीचा विश्वास नव्हता, तीच मी पुढं केली. तिनं ऐकलं. ती माझं नेहमी ऐकायची. झबलं पिळलं, दगडावर पसरलं आणि स्वतःच्या जुन्या लुगड्याचा पदर त्यावर टाकला. "थंडी वाजन त्याले," म्हणाली. मग नवं लुगडं नेसता नेसता रडायला लागली. "त्या माउलीचं लेकरू गेलं असन जी... कशी सोडून गेली असन ते?"

येताना म्हाताऱ्याला मी काही विचारलं नाही. मोटरीत फुला सारखी त्या बाईबद्दल बोलत होती. कोणत्या गावची असेल, किती दिवसांचं लेकरू असेल. घरी आल्यावर जेवायला लागली, शेजारणींशी बोलायला लागली. सासूबाई म्हणाल्या, पानी लागू पडलं. मी खिडकीबाहेर पाहायचो.

पंधरा दिवसांनी मला राहवेना. शाळेच्या कामाचं निमित्त करून मी एकटा परत गेलो. दगडावर माझं धोतर होतं, सदरा होता, तिचं लुगडं-चोळी होती. पदर उचलला... खाली झबलं नव्हतं. झुडपं धुंडाळली, डबक्यात उतरून तळ चाचपला. काही नाही. म्हाताऱ्याला विचारलं, इथं कोणी लेकराचे कपडे सोडून जातं का?

"गुरुजी, ज्याच्या घरी लेकराचं आंगडं असन, तो अठी कायले येईन?"

एवढं साधं लॉजिक माझ्या डोक्यात आलं नव्हतं. की आलं होतं आणि मी त्याला थारा दिला नव्हता, सांगता येत नाही.

लोक विचारतील, वाहत गेलं असेल का? सासुरवाडीचा नाला बेंबळा नदीला जातो. नकाशा मीच शिकवायचो, तिथलं पाणी त्या झऱ्यावर कुठल्याही वाटेनं येत नाही. कोणी ठेवलं म्हणावं तर त्या झबल्याची माहिती माझ्याशिवाय कोणाला नव्हती. नाल्याकाठची जागा उकरून पाहायची माझी छाती झाली नाही. मला भास झाला म्हणावं तर ते पिळलं फुलानं, आणि हाताला ऊन लागतंय हेही तीच म्हणाली. मी सायन्सवाला माणूस, पण माझ्याकडे आजतागायत स्पष्टीकरण नाही. कोणाकडे असेल तर ते आता मला नकोच आहे.

आम्हाला पुढं मूल झालं नाही. दिवसच राहिले नाहीत. फुला त्याबद्दल कधी रडली नाही, हे मला आयुष्यभर टोचत राहिलं. ती रडायची ती त्या दुसऱ्या बाईसाठी. माघ लागला की म्हणायची, "ते बाई आतालोग म्हातारी झाली असन." गावात कोणाकडे लेकरू झालं की त्या बाईच्या नावानं एक झबलं शिवून द्यायची. कैकदा माझ्या ओठांवर आलं. पहिल्या वर्षी वाटलं, आता सांगून काय. दहाव्या वर्षी वाटलं, आता ती म्हणेल दहा वर्षं का नाही सांगितलं. नंतर नंतर मी तिच्यासमोर मान खाली घालूनच जेवायचो.

मागच्या वर्षी ती गेली. शेवटचे आठ दिवस खाटेवरच होती. एका दुपारी मी तिला पेज पाजत होतो, तर माझं मनगट धरून म्हणाली, "एक इचारू का जी? त्या बाईले कोनी सांगतलं असन का, तुह्या लेकराचं आंगडं तठी भेटलं म्हून?"

मी चमचा वाटीत ठेवला. खोलीत आम्ही दोघंच होतो. छत्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं मी.

"सांगतलं असन, फुला," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि कुशीवर वळली.

तिला कोणीही सांगितलं नव्हतं.