गुप्तहेराच्या हातावरचं नाव

अन्नपूर्णाबाई माझी शेजारीण. भिलाईच्या सेक्टर दहामध्ये आम्ही दोघी एकाच वर्षी नव्या नवऱ्या म्हणून आलो, ती गोंदियाकडची, मी भंडाऱ्याकडची. दोघींचे नवरे स्टील प्लांटात. तिचा स्वभाव गरीब, माझा तिखट, म्हणून आमचं जमलं. दोघी सारख्याच असतो तर मधली भिंत पडली असती.

तिच्या डाव्या हातावर मनगटापासून वर तिचं नाव गोंदलेलं आहे. तिच्या लहानपणी पोरींच्या हातावर तुळस, विंचू, देवाचं नाव असं काहीबाही गोंदवायचे. तिचे वडील शेतमजूर, पण बाबासाहेबांना मानणारे. गोंदणारणीला म्हणाले, देव-बिव काही नको, माझ्या पोरीचं नाव लिही, अंगावर अक्षर राहू दे. नाव लांबलचक, हात एवढासा. पोरीने रडून जत्रा गोळा केली म्हणे. शाळेत मात्र तिला कोणी घातलं नाही, कारण पाठच्या भावंडांना सांभाळायचं कोणी? बापाने अक्षर दिलं आणि शाळा दिली नाही, याचा मला अजून राग येतो. तिला येत नाही. बँकेत सही करायची वेळ आली की ती बांगड्या मागे सारते, हाताकडे बघते आणि एकेक अक्षर उतरवून काढते. अंगठा लावायला सांगणाऱ्या बाबूला एकदा म्हणाली, "साहेब, नाव हाय मले."

तिचा मुलगा रूपेश नेहरू नगरच्या एका क्लासमध्ये ॲनिमेशन शिकत होता. शेवटच्या वर्षी त्यांना एक काम दिलं: हेरगिरीच्या सिनेमाची सुरुवातीची नावं तयार करायची. सिनेमा नव्हताच, फक्त नावं. न ठरलेल्या लग्नाची पत्रिका म्हणतात ती ही, असं मी म्हटलं तर रूपेश हसला. म्हणाला, "मावशी, यातच तर सगळा हुनर दिसते."

गुप्तहेराचा चेहरा दाखवायचा नाही, नुसते हात दाखवायचे, असं त्याने ठरवलं. कुलूप उघडणारे, फोटो फाडणारे, कोटाच्या अस्तरात काहीतरी लपवून वरून टाका घालणारे. असे न थरथरणारे हात आणायचे कुठून? घरातच होते. अन्नपूर्णाबाई आख्ख्या सेक्टरच्या साड्यांना फॉल लावून देते.

भर दुपारी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला काळी चादर लावून शूटिंग झालं. मी दिवा धरून उभी होते. रूपेश ओरडत होता, "मम्मी, हिलू नको ना, फोकस जाऊन राहिला!" आणि ती श्वास रोखून टाके घालत होती. इतकी खूश मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिली.

मग सरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, गुप्तहेराच्या हातावर त्याचंच नाव? मग गुप्त राहिलं काय? सगळा वर्ग हसला, रूपेशही हसला. सरांचं काही चुकलं नव्हतं म्हणा. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. ते नाव कुणाचं, हे विचारायला काय झालं होतं? रूपेशला तर माहीत होतं. तरी तो कॉम्प्युटरवर बसून एकेक चित्र घेऊन ते नाव पुसत राहिला. ही गोष्ट त्याने आईला सांगितली नाही, मलाही नाही. त्याच्या मते सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

इकडे अन्नपूर्णाबाईने विहारातल्या सगळ्या बायांना सांगून ठेवलं होतं. भागीरथाबाईंनी विचारलं, "नुसत्या हातावरून कसं वळखाव तुमाले?" ही ऐटीत म्हणाली, "हातच्या काकनाले आरसा कायले? नाव दिसन ना माह्यं!"

क्लासच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. भागीरथाबाई, सत्यशीला, मी, अशा आम्ही ऑटो करून गेलो. विहारात जाताना नेसतात तशा पांढऱ्याशुभ्र साड्या सगळ्यांच्या. अंधार झाला, संगीत वाजलं, इंग्रजीत मोठमोठी नावं आली आणि हात दिसले. कुलूप उघडलं, फोटो फाटला, सुई अस्तरात शिरली. गुळगुळीत, कोरे हात. मी ते ओळखले, दिवा मीच तर धरला होता. पण माझी जीभ, जी कधी गप्प बसत नाही, ती नेमकी तेव्हा बसली.

"तुमचे कोनते व?" भागीरथाबाईंनी मोठ्याने विचारलं.

अन्नपूर्णाबाई पडद्याकडेच बघत होती. म्हणाली, "माहे नसन घेतले. दुसऱ्या कोनाचे घेतले असन. पोराची काही अडचन झाली असन."

बाहेर रूपेश धावत आला. त्याला पहिला नंबर मिळाला होता. "मम्मी, कसं वाटलं?"

"चांगलं झालं बेटा. हात कोनाचे घेतले?"

तो हसला. "तुझेच तर होय! नाव मिटवलं फक्त. पता पण नाही चलत ना?"

तिने पदर हातावर ओढून घेतला. "मिटवलं?"

आता कुठे त्याचा चेहरा उतरला. "अगं, सर बोलले म्हणून... पण तुझं नाव टाकलं ना, सबसे पहले. इतकं मोठं! पाहिलं नाही का तू?"

"इंग्रजीत असन," ती म्हणाली. "मले हातावरचं एकच वाचता येते बाबू."

रूपेशला त्याच कामाच्या जोरावर हैदराबादला नोकरी लागली. पोरगा वाईट नाही. तिथे गेल्यावर त्याने ते नाव परत आणायचा खूप प्रयत्न केला, पण मूळचं शूटिंग त्याने कॉम्प्युटरवर जागा करायला कधीच उडवून टाकलं होतं. बुद्ध पौर्णिमेला घरी आला तेव्हा म्हणाला, पुन्हा शूट करू, या वेळी नाव दिसेल असं करू. ती म्हणाली, "आता कायले? झालं ना तुह्यं काम." रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी विहारात खीर वाटताना भागीरथाबाईंनी त्याला गाठलं. "कावून रे रूपेश, रोशनीची माय म्हनते का सिनेमातले हात तुह्या मायचेच होते. खरं हाय का?" रोशनीची माय म्हणजे मी. मला वाटलं होतं, पोरगं चारचौघांत सांगेल आणि तिचं मन थोडं तरी निवेल. रूपेशही सांगायलाच निघाला होता. "हो काकू, मम्मीचेच..."

"नाही जी," अन्नपूर्णाबाई त्याला मध्येच तोडत म्हणाली आणि वाटी पुढे केली. "माह्या हातावर नाव हाय. ते माहे नोहोते."