उत्तमभाऊंची अट

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. उत्तमभाऊ गेल्याची खबर आमच्या गावाला उत्तमभाऊंच्याच आवाजात मिळाली, आणि तसं घडलं ते माझ्यामुळे.

सकाळी अंगणात तोंड धूत होतो. चौकातल्या खांबावरचा भोंगा खरखरला आणि ओळखीचा आवाज आला, "कळविण्यात येते की, उत्तमराव ऑटोवाले यांचे आज पहाटे निधन झाले आहे. अंत्ययात्रा दुपारी राहत्या घरून निघेल." रस्त्यावरून जाणारा एक म्हातारा थांबून हसला. "उत्तम्या, सकाळी सकाळी काय मस्करी करून राह्यला रे!" मला हसू आलं नाही. आवाज उत्तमभाऊंचा असला तरी बोलत होतं मशीन, हे मला माहीत होतं. ते मशीन गावात मीच आणलेलं.

जाफराबादच्या आसपासच्या गावांतून उत्तमभाऊ ऑटोला भोंगा बांधून दवंडी द्यायचे. हरवलेली शेळी, डोळ्यांचं शिबिर, बियाण्याची गाडी आली, कुणाची मयत... काही वर्षांपूर्वी आम्ही एका मंगल कार्यालयात मुक्त सॉफ्टवेअरचा मेळावा भरवला. जे सॉफ्टवेअर कोणीही, कोणत्याही कामासाठी वापरावं, उघडून बघावं, बदलावं, वाटावं, असं. स्टेज नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. सगळे सतरंजीवर गोल बसलेले. ज्याला जे बोलायचं त्याने चिठ्ठी लिहून भिंतीला चिकटवायची. माहितीचा अधिकार वापरणारे कार्यकर्ते होते, बचत गटाच्या बाया होत्या, पुण्याहून संगणकवाली पोरं आली होती. बायांनी एका पोराकडून चिठ्ठी लिहून घेऊन लावली, 'मशीन आपल्यासारखं बोलेल का?' त्यांना वाचता येत नव्हतं, आणि मोबाइलमधली बाई बोलते ती त्यांना परकी वाटायची. उत्तमभाऊ मेळाव्याची दवंडी द्यायला आल्ते ते जेवायला थांबले होते. तिथूनच ओरडले, "आवाज पाहिजे का? माझा घ्या ना, मास्तर! या गळ्यावर जालन्यापर्यंत माणसं वळून बघतेत."

कार्यालयातल्या नवरीच्या खोलीत, खिडक्यांना गाद्या लावून, आम्ही त्यांचा आवाज भरला. एकाचा दुसऱ्याशी संबंध नसलेली वाक्यं, ज्यांचे तुकडे जोडून मशीन पुढे काहीही बोलू शकेल. वावरात पाणी आहे. निळी पिशवी कोणाची. बोलण्याआधी घशात हलकंसं खाकरायची त्यांची सवय, तीही भरली गेली. पुढे मशीन पहिल्यांदा बोललं तेव्हा तेही आधी खाकरलं. उत्तमभाऊंनी चटकन मागे वळून पाहिलं. खोलीत आमच्याशिवाय कोणी नव्हतं. "हे म्या कधी बोललोच न्हाई," ते हळूच म्हणाले. मंग हसले. पण नंतर माझा हात धरून बाहेर नेलं.

"मास्तर, एक अट. मशीनला काय बोलायचं ते बोलू द्या, पण मयतीची खबर न्हाई. ती म्या देणार. आधी त्या घरी जावं लागतंय. कोणाला सांगितलं, कोणाला अजून न्हाई, ते बघावं लागतंय. एखादी लेक पलीकडच्या गल्लीत भाकरी थापून राह्यली असती... तिला भोंग्यातून कळावं का?"

मी हो म्हणालो. मेळाव्याच्या शेवटच्या दिवशी गोलात चर्चा निघाली, आवाज वापरायला अटी घालाव्यात की नाही. एक मित्र म्हणाला, "अट घातली की ते मुक्त राहिलंच नाही." माना डोलल्या. उत्तमभाऊ दुसऱ्या गावी दवंडी द्यायला गेल्ते. त्यांचं म्हणणं मांडायला मी होतो, पण टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि माझं तोंड उघडलं नाही. अट जाऊ द्या, विनंती म्हणून दोन ओळी लिहिता आल्या असत्या... त्याही लिहिल्या नाहीत. आवाज सगळ्यांसाठी खुला झाला. नंतर उत्तमभाऊंनी विचारलं, "अटीचं बराबर केलं ना, मास्तर?" मी म्हणालो, "बिलकुल."

मशीन आमच्या गावाच्या भोंग्याला जोडलं गेलं. ग्रामपंचायतीत कोणीतरी टाइप करायचं, ते बोलायचं. दवंडीची कामं कमी झाली, मयतीची खबर तेवढी तेच ऑटोतून देत; पण उत्तमभाऊ ऐटीत असत. कोणी विचारलं तर सांगत, "म्याच बोलतो. आधी भरून ठेवतो सगळं." बायकोलाही हेच सांगितलेलं. गयावहिनी कधीकधी स्वयंपाकघरातून भोंग्याला उत्तर द्यायच्या, "कळलं हो, कळलं. पाणी उद्या येणार. आता घरला या."

त्या सकाळी मी त्यांच्या घरी पोचलो तेव्हा उत्तमभाऊंना अंगणात ठेवलं होतं. हनुवटीवरून डोक्यापर्यंत फडकं बांधून तोंड मिटवलेलं. बाया रडत होत्या. इतक्यात खांबावर कोणीतरी हलकंसं खाकरलं, आणि तीच खबर पुन्हा सुरू झाली. रडणं थांबलं. सगळ्यांनी आधी त्या बांधलेल्या तोंडाकडे पाहिलं, मग वर. शांत, स्वच्छ, जराही न अडखळता तो आवाज स्वतःच्या अंत्ययात्रेला यायला सांगत होता. गयावहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, ते घरात आले की करायच्या तसा. ज्याने टाइप केलं त्याचा दोष नाही. अट होती हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

दहाव्यानंतर भेटायला गेलो. वहिनींनी चहा दिला, समोर बसल्या.

"मास्तर, तुमच्यापाशी भरलं होतं ना त्यांनी सगळं? म्हंजे ते बी भरून ठेवलं होतं? त्यांना म्हाईत होतं, जाणार म्हणून?" त्यांनी चहाचं भांडं बाजूला सारलं. "अख्ख्या गावाला सांगून गेले. मला न्हाई सांगितलं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी कपाकडे बघत म्हणालो, "असेल."

त्या एका शब्दाने मी त्यांचा संसार मागे जाऊन नासवला. आता त्या शेवटचे महिने आठवून बघतात. कुठल्या दिवशी भरलं असेल, त्या दिवशी घरी येऊन ते काय जेवले, हसले कसे. त्यांच्या सुनेने मला हे सांगितलं. भोंगा अजून त्याच आवाजात बोलतो. त्या आता उत्तर देत नाहीत.

गयावहिनी, ते वाक्य त्यांनी कधीच उच्चारलं नव्हतं. मशीनने ते इकडच्या-तिकडच्या तुकड्यांतून जुळवलं. त्यांना काही माहीत नव्हतं, त्यांनी तुमच्यापासून काही लपवलं नाही. लपवलं ते मी. हे इथे लिहिलं म्हणून फिटत नाही. तुम्हाला वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्या घरी येऊन, तुमच्यासमोर बसून, माझ्या तोंडाने हे सांगणं मी तुमचं देणं लागतो.