ती मुलगी घरी पोचली का?

मावशी आमच्याकडे पनवेलला राहायला आली तेव्हा मी चौथीत होते. ती आईची धाकटी बहीण. खाडीकाठी द्रोणागिरीच्या डोंगराखाली तिचं सासर, घरची मिठागरं. आदल्या पावसाळ्यात तिची सहा वर्षांची मुलगी तापानं गेली होती. तेव्हापासून मावशी कामं सगळी करायची, पण बोलायची नाही. म्हणून आईनं तिला बोलावून घेतलं.

त्या रविवारी सकाळच्या खेळाला मुलांसाठी एक इंग्रजी सिनेमा लागला होता. त्यात माणसं खरी आणि प्राणी काढलेले आहेत, असं बाबा त्यांच्या शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांकडून ऐकून आले होते. आई म्हणाली, "काढलेले म्हणजे?" बाबांना नीट सांगता येईना. "चला, बघूनच येऊ," म्हणाले. मावशीनं तोवर एकही सिनेमा पाहिला नव्हता.

पडद्यावर एक गोरी मुलगी रानात वाट चुकली. चालता चालता झाडं रंगवल्यासारखी दिसायला लागली आणि एक ससा येऊन तिच्याशी बोलू लागला. ससा चित्रातला होता, मुलगी मात्र तशीच, गुडघा खरचटलेली. माझी नजर कुठं ठरेना.

"दाजी, ही पोर येकलीच का फिरते? हिची आय कुठं हाय?" मावशीनं विचारलं. इतक्या दिवसांत तिनं आपणहून काढलेला हा पहिला शब्द.

"ससा बघा ना," बाबा कुजबुजले. "तो हातानं काढलाय. मुलगी खरी."

"मंग खरी पोर चितरात गेली कशी?"

बाबा पुन्हा पडद्याकडे वळले. इंग्रजी त्यांनाही फारसं कळत नव्हतं. ससा काय बोलतो ते ते अंदाजानं सांगत होते.

शेवटी ती मुलगी एका टेकडीवर आली. खाली तिचं घर, दारात एक बाई उभी. मुलीनं वळून हात हलवला आणि मला वाटलं, तिचा फ्रॉक, केस, चेहरा, सगळं रंगवलेलं झालं. तेवढ्यात पडदा पांढरा झाला आणि दिवे लागले.

"गेली घरी," बाहेर आल्यावर बाबा म्हणाले.

"मग ती रंगीत का झाली?" मी विचारलं.

"झाली कुठं? तुला भास झाला."

"झाली," मावशी म्हणाली. "ती थितंच रायली, दाजी. चितरातली झाली. आता तिला ताप नाय याचा." आणि ती हसली.

आई तिथंच रस्त्यात रडायला लागली. मग बाबांवर चिडली, "कसला सिनेमा दाखवलात तिला!" मावशी हसतेय हे चांगलं की वाईट, मला कळेना. दुपारी ती पोटभर जेवली. मला जवळ घेऊन तिनं सगळी गोष्ट पुन्हा सांगितली, तेव्हा मला जराशी तिची भीतीच वाटली.

दोन दिवसांनी बाबा शेवट नक्की काय ते विचारायला थेटरात गेले, मीही बरोबर होते. सिनेमा परत गेला होता. दारावरचा माणूस म्हणाला, "मास्तर, शेवटचं रीळ तुटकं होतं. शेवटचा तुकडाच नव्हता. पुढं काय होतं ते आम्हालाही ठाऊक नाही." बाबा माझा हात धरून निघाले. वाटेत म्हणाले, "हे मावशीला सांगू नकोस." मी सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात मावशी निघाली. आता ती बोलत होती, शेजारणींचा निरोपही तिनं नीट घेतला. एस.टी.त चढताना बाबांना म्हणाली, "दाजी, तो शिनेमा परत लागला तं मला बोलावू नका हां. ती थितंच बरी हाय."

बाबांनी मान हलवली. गाडी सुटली. आई पदरानं डोळे पुसत होती, बाबा गाडीकडे बघत होते, आणि मला दोघांपैकी कुणाला काय विचारावं हेच सुचत नव्हतं.