एक सायलेन्सर, दोन बंदुका

ओइवा मोइलानेनचा डावा कान नेमका कधी गेला, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्याच्या बायकोला, साइमीला, मात्र पक्कं ठाऊक होतं. लग्नानंतर काही वर्षांनी तो गाडीची किल्ली तिच्या हाती देईनासा झाला, तेव्हा. "बायकांना बर्फात गाडी जमत नाही," असं तो चारचौघांत म्हणायचा. शाळेची गाडी बर्फातून हाकण्यात जिचा जन्म गेला, ती साइमी हे ऐकून घ्यायची. आमच्याकडे गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणून त्याने चालवली की ती त्याच्या उजव्या हाताला येते, आणि उजव्या कानाला तिचं बोलणं ऐकू येतं, हे तिने ओळखलं होतं. टेबलाजवळची आणि पलंगावरची तिची बाजूही त्याने अशीच, अवाक्षर न काढता, बदलून घेतली होती.

कान खाल्ला तो बंदुकीने. उजव्या खांद्याला बंदूक लावली की डावा कान नळीकडे होतो आणि गोळीच्या आवाजाचा सगळा मार तोच खातो. पण कान झाकायचं नाव काढलं की ओइवा उखडायचा. "कान झाकून बसलो तर कुत्र्याचं भुंकणं कोण ऐकणार? तुझा बाप?" एका अर्थी त्याचं खरंही होतं. मूस हरणाच्या शिकारीत कुत्रा रानात हरीण अडवून भुंकतो आणि माणसं आपापल्या जागी कान टवकारून बसतात. म्हणजे ज्या कानांच्या जोरावर शिकार करायची, तेच शिकारीच्या पायी घालवायचे. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांची अक्कल ही अशी.

त्या वसंतात डॉक्टरीणबाईंनी उजवा कान तपासला आणि स्पष्टच सांगितलं, हे बार असेच चालू राहिले तर हाही जाईल. ओइवा घरी आला, पायरीवर बसला आणि तुइस्कूच्या, म्हणजे कुत्रीच्या, पाठीवरून कितीतरी वेळ ब्रश फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "हिला काउकोला देऊन टाकू. त्याच्याबरोबर रानात तरी जाईल." शरद ऋतूत रानात न जाणारा ओइवा साइमीला नुसता डोळ्यांसमोरही आणवेना.

"सायलेन्सर घेऊ," ती म्हणाली.

"आता? वरातीमागून घोडं!"

"एक कान अजून वरातीतच आहे. ऊठ."

काउको बंदुका दुरुस्त करायचा आणि गावच्या शिकारी टोळीचा म्होरक्याही तोच होता; ओइवाबरोबर साइमीही आपली बंदूक घेऊन त्याच टोळीत जायची. त्याने टेबलावर तीन नळकांडी मांडली. सगळ्यात मोठं होतं ते सगळ्यात जास्त आवाज मारणारं. ते लावून साइमीने बंदूक उचलून धरली, तर जरा वेळाने टोक खाली झुकायला लागलं. हरीण काही हिच्या दंडासाठी थांबणार नव्हतं. सगळ्यात छोटं खिशात मावेल असं, पण काउको स्वतःच म्हणाला, "हे आवाज मारत नाही, आवाजाला नुसतं दटावतं." तिसरं मधलं. त्याचा निम्मा भाग नळीवर मागे सरकून बसायचा, त्यामुळे झुडपांतून चालताना बंदूक फार लांब होत नव्हती. भोक ओइवाच्या जाड गोळीच्या मापाचं, म्हणजे साइमीच्या बारीक गोळीलाही चालणारं.

"दोन स्वस्तातले घ्या की," काउको म्हणाला. "नवराबायकोला एकेक."

"दोन रडके घेण्यापेक्षा एक धड बरा," साइमी म्हणाली. "दोन्ही बंदुकांना सारखेच आटे पाडून दे. ज्याला लागेल तो लावेल." कोणाला लागणार हे तिच्या मनात ठरलेलंच होतं.

हंगामाची पहिली सकाळ उजाडली. साइमी थर्मासमध्ये कॉफी भरत होती. मागे वळून पाहते तर ओइवा सायलेन्सर तिच्या बंदुकीवर चढवत होता.

"हे काय चाललंय?"

"आटे नीट बसतात का बघतोय."

"माझ्या बंदुकीवर?"

ओइवाने मान वर केली नाही. "माझं निम्मं दुकान बंदच झालंय गं. तुझे दोन्ही शाबूत आहेत. घरात एकाला तरी फोनची घंटा ऐकू यायला हवी."

साइमीला असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. तिने सायलेन्सर काढला, त्याच्या बंदुकीवर चढवला. त्याने काढून पुन्हा तिच्या. आटे सारखेच, त्यामुळे हे भांडण बर्फ पडेपर्यंत चाललं असतं. ज्या गुणासाठी इतका महागाचा घेतला, तोच गुण अंगाशी आला होता. मधेच टोळीच्या वॉकीटॉकी रेडिओवर काउको खेकसला, "मोइलानेन मंडळी उठली का अजून लोळताहेत?"

साइमीने सायलेन्सर ओइवाच्या बंदुकीवर गच्च आवळला आणि आपली बंदूक कपाटात ठेवून कुलूप लावलं. "आज एकच बंदूक. मी तुझ्या उजव्या हाताला बसणार. उद्या माझी, मग तू माझ्या शेजारी नुसता बस."

"एका जागेवर दोघं? टोळी हसेल."

"हसू दे. तुला कुठे सगळं ऐकू येणार आहे?"

टोळी हसलीच. "मधुचंद्राला निघालात की काय?" रेडिओवर कोणीतरी विचारलं. दोघं दलदलीच्या काठाला पाट टाकून बसली. दूरवर तुइस्कू भुंकायला लागली, मग भुंकणं जवळ आलं, आणि भूर्जांच्या मधून हरीण बाहेर पडलं. ओइवाने नेम धरला. थप्प असा आवाज झाला आणि हरीण चार पावलं जाऊन कोसळलं.

बार झाल्यावर म्होरक्या सांगेपर्यंत जागा सोडायची नसते. एरवी अशा वेळी ओइवाच्या डोक्यात घंटा वाजत राहायच्या, आणि पुढचं सगळं काउको साइमीला रेडिओवर सांगायचा नि साइमी आपल्या शेजारच्या जागेवरून त्याला खुणा करून. आताही रेडिओवर काउको म्हणाला, "थांबा, मी येतोय." साइमीने ओइवाच्या गुडघ्यावर थाप मारली आणि सवयीने तळहात उभा धरून थांबायची खूण केली.

ओइवाने तिचा हात हळूच खाली घेतला.

"हातवारे कशाला करतेस?" तो म्हणाला. "बोल ना. ऐकतोय मी."