पलंगाखालचा नवा कॉम्प्युटर

हार्डडिस्क टकटक वाजत होती आणि शेठ मला समजावत होते, "आवाज येऊन राहिला ना? म्हणजे जिता आहे!"

तिरोड्याजवळ शेठची राईस मिल. माझं गोंदियात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मिलच्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर मीच सांभाळायचो. कोणाचं किती धान आलं, सगळं त्यातच. ते गेलं असतं तर फाटकावर लाठ्याच निघाल्या असत्या.

"शेठ, हार्डडिस्क म्हणजे आत फिरणारी तबकडी. सारी वजनं तिच्यावर असतात. ती आता घासून राहिली. बदला."

"आवाज तं पंखा बी करते. पंखा बदलवला काय मी?"

महिनाभर डोकं खाल्लं, तेव्हा कुठे नवा घेतला. नारळ फुटला, हार चढला, मला पेढा मिळाला. जोडायला बसणार, तर शेठ म्हणाले, "आता ट्रॅक्टर उभे आहेत. काट्यावरचा सुरेश जोडून घेईन." मी म्हटलं, सुटलो बुवा!

पुढच्या हंगामात सुरेशचा फोन. कॉम्प्युटर बंद. जाऊन पाहतो तर काट्यावर तोच जुना, कोंड्यानं माखलेला!

"नवा कुठं आहे रे?"

"शेठच्या पलंगाखाली. बॉक्समंदी."

"इथं कोंडा किती उडते!" शेठ माझ्यावरच उखडले. "नवी चीज खराब कराची कायले?"

माझं टाळकंच सरकलं. "शेठ, नवरदेव घरात कोंडून वरात काढली तुम्ही!"

बाहेर ट्रॅक्टरांची रांग. शेतकरी खिडकीतून विचारत होते, "आमचं वजन गेलं काय जी?" नवा आणवला, बटण दाबलं. फट्! आतला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, उडाला.

"वॉरंटीत बदलवून द्या."

"वॉरंटी संपली, शेठ. वर्ष झालं."

"काऊन संपली? आम्ही तं हात बी नाही लावला!"

जुन्याची तबकडी अडली होती, डबा धड होता. तोच काढला, नव्यात बसवला. चालू झाला. मग जुनी तबकडी त्याला जोडली. रडतखडत का होईना, सगळी वजनं उतरली. सुरेशनं खिडकीतून ओरडून सांगितलं, तेव्हा बाहेरचा गलका थांबला. मी घाम पुसला.

शेठ मात्र जुन्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगत होते, "पाहा! जुना होता म्हणून वाचलो. हा साहेब तं फेकाले लावत होता!"

तेव्हापासून नवा कॉम्प्युटर बसवला की जुना मी स्वतःच गाडीवर बांधून घेऊन येतो. गिऱ्हाईक कितीही रडो.