परवाचं मतदान

साहेबांच्या गौरवग्रंथासाठी त्यांच्या पहिल्या निवडणुकीची आठवण लिहायला बसलो आणि दारावरून उसाच्या वाढ्यांनी, त्या कापलेल्या शेंड्यांनी, भरलेला ट्रॅक्टर गेला. तो हिरवा, ओलसर वास आत आला आणि माझं पेन थांबलं.

त्या दुपारी साखर कारखान्याजवळच्या ऊसतोड कामगारांच्या तळावर हाच वास होता. दुसऱ्या दिवशी मतदान होतं. तिसगावकडची ऊसतोड टोळी विरोधकांना मत देणार, हे ठाऊक असल्यानेच मी तिथे गेलो होतो. टोळीतल्या सखूमावशीने तिच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, बसवून चहा दिला.

"मतदान उद्याच हाय न्हवं, भाऊ? पहाटंच निघावं लागंल."

"न्हाई मावशी, परवा हाय. मीच गाडी आनतो."

ती हसली. "बरं झालं सांगितलंस. न्हाईतर येड्यावानी उद्याच जाऊन बसलो असतो!"

तिने नवऱ्याला हाक मारून सांगितलं. त्याने कोयता उचलला आणि तो फडाकडे गेला.

साहेब थोडक्या मतांनी आले आणि पुढे कधी पडले नाहीत. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. 'परवा' सकाळी ती टोळी धुतलेली कापडं घालून, काम सोडून, दुपारपर्यंत रस्त्यावर गाडीची वाट बघत होती. हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो.

गौरवग्रंथासाठी हेच पान पाठवतोय.