ओल्या केसांनी

"थंयच रव. इस्पितळातसून येतंस. आंगणात पाय घालू नको."

मालकीणबाई ओसरीवरून म्हणाल्या आणि मी फाटकातल्या दगडापाशी थांबले. लग्न होऊन डिचोलीत आल्यापासून ज्या घरची भांडी घासली, त्या घराच्या फाटकात. केसांतून पाणी गळत होतं. देवीची जत्रा तोंडावर आलेली. घरचा मुलगा धोंड, म्हणजे देवीचं व्रत धरलेला. सोवळ्याच्या घरी पारोशी कशी जाऊ, म्हणून मी आधी विहिरीवर डोक्यावरून आंघोळ केली. काय अक्कल बघा. तिकडे पोरीच्या नाकातून रक्त वाहतंय आणि इकडे आई केस भिजवतेय.

पोर सहा वर्षांची. रक्ताचा कॅन्सर. आम्ही सावंतवाडीकडचे, नवरा खाणीच्या ट्रकवर. पोरीच्या अंगावर काळेनिळे डाग दिसले तेव्हा मी दृष्ट काढली. नवरा म्हणाला, मारलंस काय हिला? मग पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं. हा रोग शिवत नाही. आईच्या खाण्यानं होत नाही, पापानं होत नाही. औषध दोन-तीन वर्षं चालेल, केस जातील, परत येतील. बरी होणारी मुलं पुष्कळ आहेत. पण औषध रोगाबरोबर चांगलं रक्तही मारतं. मग रक्त थांबवणाऱ्या पेशी कमी पडतात, त्यांना प्लेटलेट म्हणतात. त्या बाहेरून द्याव्या लागतात आणि त्या माणसाच्याच अंगातून येतात.

त्या आठवड्यात रक्तपेढीत त्या नव्हत्या. माझं रक्त घेईनात, माझ्याच अंगात कमी. नवऱ्याला मागे कावीळ झालेली. त्याचे सोबती ट्रकवाले गावी गेलेले. आणि इथले तरणे पोरगे सगळे व्रतात. धोंडाला कोणी शिवायचं नाही, त्यानं दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही. इस्पितळात पाय टाकला तर व्रत मोडलं. या घरच्या मुलाचं, आम्ही त्याला बाब म्हणतो, रक्त पोरीशी जुळत होतं. थंडीत त्यानं एकदा दिलंही होतं. म्हणून नवऱ्याला पोरीपाशी बसवून मी बस धरली आणि इथे आले.

"वयनी, पोरीचा रगत थांबणा नाय. बाबांका पाठवा."

"व्रत मोडूक सांगतंस? तुज्या पोरीपायी आमच्या घराक दोष लागलो तर?"

मुलगा खिडकीत उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. मान खाली घातली. मी वळले तशी मागे पाणी ओतल्याचा आवाज आला. मी उभी होते तो दगड बाई धूत होत्या. मी बघितलं. बघायला नको होतं.

परतीच्या बसमध्ये रडूही येईना. कुणाला सांगू, कुणाच्या पाया पडू, काही सुचत नव्हतं. रिकाम्या हातानं वॉर्डात शिरले. पोरीनं विचारलं, "बाब येता मा?" मी म्हटलं, येता.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या मुलाचा बाप उठला. मांद्र्याच्या हॉटेलात वेटर. त्याचं रक्त जुळलं. आपल्या पोराजवळ बायकोला बसवून तो गेला आणि हाताला पट्टी लावून आला. पण तोवर पोरीच्या डाव्या डोळ्यात आतून रक्त उतरलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जीव वाचला, डोळ्याचं आत्ताच सांगता येत नाही. आता सांगता येतं. त्या डोळ्यानं तिला दिसत नाही. मी त्या बाजूला बसले की ती हातानं मला चाचपते.

वॉर्डातही सोवळं असतं. हात धुवायचे, तोंडाला पट्टी, उकळलेलं पाणी, फुलं आणायची नाहीत. पाहुण्यानं पोराला शिवायचं नाही. तिथे बसून बसून माझ्या डोक्यात उजेड पडला. हे सोवळं माझ्या पोरीला माणसांपासून जपायला. ते सोवळं माणसांना माझ्या पोरीपासून जपायला. दोन्ही मला एकच वाटत आली. रोग शिवत नाही हे मला समजावून सांगितलेलं, मी मानही डोलवलेली. तरी आंघोळ करून गेले. म्हणजे मला कळलं नव्हतंच. बाईंच्या आधी मीच माझ्या पोरीला विटाळ ठरवलं होतं, याची मला अजून चीड येते.

जत्रा झाली. पोरीला इस्पितळातून सुट्टी मिळून आम्ही घरी आलो, तर बाई आमच्या खोलीच्या दारात. हातात प्रसाद.

"बाब आता मोकळो झालो. सांगशीत तेव्हा येतलो. आणि उद्यापासून कामाक ये."

"रगत पेढीत जावन दिवंदेत, वयनी. थंय सगळ्यांचीच पोरां आसत. आणि भांडी तुमची तुमीच घासा."

प्रसाद मी घेतला. देवीशी माझं भांडण नाही.

पोरीचं औषध अजून चालू आहे. पुढे काय, ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही. मी लोहाच्या गोळ्या खाते. पेढीवाले माझं रक्त घेईपर्यंत खाणार. आणि पुढच्या व्रतात वॉर्डातल्या कुणाच्याही पोराला गरज पडली, तर मी त्याच घरी जाणार. दगडापाशी थांबणार नाही. अंगण ओलांडून ओसरीपर्यंत जाणार.

आणि आंघोळ करून जाणार नाही.